एकसष्टचं दहा अंकी उत्तर

६० घ्या. एखाद्या वर्गसंख्येला ६० नं गुणायचं, त्यात एक मिळवायचा आणि आलेलं उत्तर पुन्हा वर्गसंख्याच असायला हवं, अशी अट घाला. फार शोधावं लागत नाही. ४ चा वर्ग १६, त्याची साठपट ९६०, एक मिळवला की ९६१, आणि ९६१ म्हणजे ३१ चा वर्ग. ६२ घ्या. ८ चा वर्ग ६४, त्याची बासष्टपट ३९६८, एक मिळवून ३९६९. हा ६३ चा वर्ग. ६३ ला तर नुसता १ पुरतो: ६३ आणि एक ६४. आता मधला ६१ घ्या आणि एकापासून ओळीनं एकेक संख्या तपासायला लागा. शंभरापर्यंत काही नाही, लाखापर्यंत काही नाही, कोटी उलटली तरी काही नाही. अट पुरी करणारी सगळ्यात लहान संख्या आहे २२,६१,५३,९८०. तिच्या वर्गाला ६१ नं गुणून एक मिळवला की जो वर्ग हाती येतो तो १,७६,६३,१९,०४९ या संख्येचा. एक अब्ज शहात्तर कोटी त्रेसष्ट लाख एकोणीस हजार एकोणपन्नास.

शेजारच्या साठचं काम ३१ वर भागतं, बासष्टचं ६३ वर, आणि एकसष्टला दहा अंक लागतात. शंभराच्या आत एवढं मोठं उत्तर दुसऱ्या कुठल्याच संख्येचं नाही. भास्कराचार्यांनी ‘बीजगणिता’त हे उदाहरण इ. स. ११५० मध्ये घातलं आणि सोडवूनही दाखवलं. एवढी शतकं या एका संख्येभोवती गणित, इतिहास आणि थोडं राजकारणही फिरत राहिलं आहे.

मराठी वाचकाला भास्कराचार्य म्हटलं की ‘लीलावती’ आठवते, आणि लीलावती म्हटलं की घटिकापात्रात पडलेला मोती आणि हुकलेला मुहूर्त. ती गोष्ट भास्कराचार्यांनी कुठेही सांगितलेली नाही. अकबराच्या दरबारातल्या फैजीनं १५८७ मध्ये लीलावतीचं फारसी भाषांतर केलं, त्याच्या प्रस्तावनेतून ती पसरली. ‘बीजगणिता’ला अशी कथा मिळाली नाही. त्यामुळे शाळेत लीलावतीच्या हंसांची आणि भुंग्यांची गणितं कानावर पडतात, पण एकसष्टचं उदाहरण कुणी सांगत नाही. माझ्या मते भास्कराचार्यांची खरी करामत त्या उदाहरणातच आहे.

या प्रकारच्या प्रश्नांना जुनं नाव ‘वर्गप्रकृति’. ज्या संख्येनं गुणायचं ती प्रकृती, इथे ६१. जिचा वर्ग करून गुणायचं ती कनिष्ठ, उत्तरात जिचा वर्ग येतो ती ज्येष्ठ, आणि मधे जे मिळवायचं किंवा वजा करायचं तो क्षेप. क्षेप एक असेल तर प्रश्न सुटला.

हा प्रश्न काही भास्कराचार्यांपासून सुरू होत नाही. भिल्लमाळच्या ब्रह्मगुप्तानं ६२८ मध्ये ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त ९२ ही प्रकृती घेतली आणि वर्षभरात जो हे सोडवील तोच गणक, अशी कसोटी लावली. उत्तर आहे ११५१ आणि १२०: ११५१ चा वर्ग १३,२४,८०१ आणि १२० च्या वर्गाची ब्याण्णवपट १३,२४,८००. पण ब्रह्मगुप्ताचं मोठेपण उदाहरणापेक्षा त्यानं दिलेल्या ‘भावना’ नावाच्या नियमात आहे. चुकीच्या क्षेपाची का होईना, दोन उत्तरं हाती असली की त्यांच्या जोडणीतून तिसरं तयार होतं. दोन ज्येष्ठांचा गुणाकार करा, त्यात दोन कनिष्ठांच्या गुणाकाराची प्रकृतीपट मिळवा; हा नवा ज्येष्ठ. याचा ज्येष्ठ त्याचा कनिष्ठ, त्याचा ज्येष्ठ याचा कनिष्ठ, असे तिरकस गुणाकार करून बेरीज घ्या. हा नवा कनिष्ठ. नवा क्षेप म्हणजे दोन्ही क्षेपांचा गुणाकार. हे गुणाकार ज्याला येतात त्याला पुढचं सगळं कागदावर करून बघता येईल, आणि बघावंच.

एकसष्टच्या जवळचा वर्ग चौसष्ट. म्हणजे ज्येष्ठ ८, कनिष्ठ १, क्षेप ३. आता याला जोडायला कनिष्ठ १ असलेलं दुसरं उत्तर हवं, आणि त्याचा ज्येष्ठ असा निवडायचा की आठमध्ये तो मिळवल्यावर बेरजेला तीननं पूर्ण भाग जावा. १, ४, ७, १० हे चालतील. त्यांतला ज्याचा वर्ग ६१ च्या सर्वांत जवळ तो घ्यायचा: ७ चा वर्ग ४९, बारानं कमी. १० चा १००, एकोणचाळीसनं जास्त. तेव्हा सात. भावना लावली की ज्येष्ठ येतो ५६ अधिक ६१, म्हणजे ११७. कनिष्ठ ८ अधिक ७, म्हणजे १५. क्षेप ३ गुणिले उणे १२, म्हणजे उणे ३६. पहिल्या दोघांना तीननं आणि क्षेपाला नऊनं भागा. ३९, ५ आणि उणे ४. ताळा बघा: ३९ चा वर्ग १५२१, पाचाच्या वर्गाची एकसष्टपट १५२५. जमलं. ही झाली ‘चक्रवाल’ नावाच्या पद्धतीची एक फेरी. क्षेप एक येईपर्यंत अशाच फेऱ्या घालत राहायच्या, म्हणून ते चक्र.

पण भास्कराचार्य इथे दुसरी फेरी घालत नाहीत. क्षेप चार आला की ब्रह्मगुप्तानं दिलेली पळवाट मोकळी होते. सगळं निम्मं करा. साडेएकोणीसच्या वर्गातून अडीचच्या वर्गाची एकसष्टपट वजा केली की उणे एक उरतो. या जोडीला तिच्याशीच जोडा: सातशे साडेएकसष्ट आणि साडेसत्त्याण्णव, क्षेप अधिक एक. खरं तर उत्तर आलंच, फक्त ते अर्ध्यात अडकलेलं आहे आणि आपल्याला पूर्णांक हवेत. त्याला पुन्हा साडेएकोणीस-अडीचची जोडी लावा. अपूर्णांक गळून पडतात आणि हाती येतात २९,७१८ आणि ३,८०५, क्षेप उणे एक. आता ऋण एकाला त्याचाच जोडीदार दिला की धन एक होतो, आणि शेवटच्या जोडणीत १,७६,६३,१९,०४९ समोर उभी राहते. चक्रवालाची एक फेरी आणि भावनेच्या तीन जोडण्या. बावीस कोटी संख्या तपासण्याचं काम अर्ध्या पानात संपतं.

उत्तर बरोबर आहे की नाही हे बघायला कुणी कॉम्प्युटरवर एक्सेल उघडून दोन्ही संख्यांचे वर्ग करून वजाबाकी मांडली तर गंमत होते. वजाबाकी शून्य दाखवते. ज्येष्ठाचा वर्ग ३११९८८२९८२८६०२६४४०१, एकोणीस अंकी. एक्सेल पहिले पंधरा अंक धरतं आणि पुढचे गिळतं. ज्या एकासाठी सगळा खटाटोप केला नेमका तोच यंत्र खाऊन टाकतं. त्यापेक्षा निपाणीतल्या कुठल्याही तंबाखूच्या वखारीत दिवाणजींच्या गादीवर पडलेला बारा अंकी कॅल्क्युलेटर बरा. त्यावर २९,७१८ चा वर्ग करा: ८८,३१,५९,५२४. मग ३,८०५ चा वर्ग करून ६१ नं गुणा: ८८,३१,५९,५२५. लागोपाठच्या दोन संख्या. त्यांची बेरीज केली की नेमकी आपली संख्या. उरलेलं काम शाळेतल्या सूत्राचं आहे: बेरजेच्या वर्गातून गुणाकाराची चौपट वजा केली की वजाबाकीचा वर्ग उरतो, आणि इथे वजाबाकी एक आहे. एकोणीस अंकी गुणाकार करायची गरजच राहत नाही.

कुठलीही विषम संख्या लागोपाठच्या दोन संख्यांची बेरीज असतेच, त्यात विशेष काही नाही. पण इथे त्या दोघांतली एक वर्गसंख्या आहे आणि दुसरी वर्गसंख्येची एकसष्टपट. हा या संख्येचा खरा गुणधर्म. बाकीचे वरवरचे गुणधर्मही आहेत आणि ते बघायला मजा येते. एकाआड एक अंकांच्या बेरजा दोन्हीकडे तेवीस येतात, म्हणजे ११ नं पूर्ण भाग जातो. ५९ नंही जातो. ११ गुणिले ५९ गुणिले २७,२१,६०१ असा तिचा गुणाकार मांडता येतो. जोडीदार २२,६१,५३,९८० मात्र छोट्या छोट्या अवयवांची आहे: २ चा वर्ग, ३ चा वर्ग, ५, १३, १२७ आणि ७६१. आणि आपल्या पद्धतीनं स्वल्पविराम दिले तर लाखांच्या घरात चक्क ६१ बसलेले दिसतात, बावीस कोटी एकसष्ट लाख. इंग्रजी पद्धतीनं तीन-तीन अंकांनी तोडलं की ते दिसेनासे होतात. हा निव्वळ योगायोग, दुसरं काही नाही.

अशा योगायोगांचा ध्यास घेणारा माणूस महाराष्ट्रात होऊन गेला. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५ चा डहाणूचा, फर्ग्युसनमध्ये शिकले, १९२७ मध्ये रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळवलं आणि १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत मास्तरकी केली. त्यांची ६१७४ जगभर गाजली. चार अंक घ्या, सगळे सारखे नकोत. उतरत्या क्रमानं मांडून त्यातून चढता क्रम वजा करा. आलेल्या उत्तरावर तेच करत राहा, जास्तीत जास्त सात खेपांत ६१७४ वर येऊन थांबता. १९४९ मध्ये मद्रासच्या परिषदेत त्यांनी हे मांडलं. आपल्याकडच्या विद्यापीठीय गणितज्ञांनी बराच काळ त्याकडे खेळ म्हणून पाहिलं, आणि १९७५ मध्ये अमेरिकेच्या मार्टिन गार्डनरनं आपल्या सदरात लिहिल्यावर कापरेकरांचं नाव सर्वतोमुखी झालं.

नाक मुरडणारे सगळे अडाणी होते असं नाही. केंब्रिजचा हार्डी, रामानुजनला बोलावून घेणारा, त्यानं १९४० च्या आपल्या पुस्तकात ८७१२ आणि ९८०१ यांचं उदाहरण दिलं आहे. चार अंकी संख्यांत उलट्या अंकांच्या पटीत येणाऱ्या याच दोन: ८७१२ ही २१७८ ची चौपट, ९८०१ ही १०८९ ची नऊपट. वर्तमानपत्री कोड्यांना हे ठीक, गणितज्ञाला त्यात काही नाही, असं त्याचं मत. मुद्दा रास्त आहे. अंक हे आपल्या दहाच्या मोजणीचे कपडे. बाराची मोजणी धरली की ६१७४ ची जादू नाहीशी होते. १,७६,६३,१९,०४९ चं मात्र तसं नाही. ती कुठल्याही पद्धतीनं लिहा, एकसष्टचं उत्तर तीच राहील.

तरीही हार्डीच्या उदाहरणात एक फट आहे. ९८०१ हा ९९ चा वर्ग, आणि त्याचे दोन तुकडे ९८ आणि ०१ मिळवले की पुन्हा ९९. ९९ सारख्या अशा संख्यांना आज कापरेकर संख्या म्हणतात. शिवाय २९ ही प्रकृती घेऊन वर्गप्रकृती सोडवली तर ज्येष्ठ येतो नेमका ९८०१, कनिष्ठ १८२०. ज्या संख्येला हार्डीनं कोड्यांच्या रकान्यात ढकललं तीच ब्रह्मगुप्ताच्या समीकरणात मानानं बसलेली आहे. कापरेकरांचं अंगण आणि भास्कराचार्यांचा वाडा यांच्यामधली भिंत वाटते तेवढी जाड नसावी.

आणि हे २९ एकसष्टच्याच भावकीतलं. ६१ लाच एवढं मोठं उत्तर का, याचं स्पष्टीकरण वरच्या आकडेमोडीतच आहे. साडेएकोणीस आणि अडीच ही मूळ जोडी. तिच्यात दोन अडचणी आहेत: ती अर्ध्यात आहे, आणि तिचा क्षेप उणे आहे. अर्धे घालवायला ती स्वतःशी तीनदा जोडावी लागते, उणे घालवायला त्याची दुप्पट, म्हणजे एकूण सहा. सहाव्या घाताला गेल्यावर छोटी संख्याही फुगते. उणे एक हाती लागणं हे चारनं भागल्यावर एक बाकी राहणाऱ्या प्रत्येक मूळ संख्येच्या बाबतीत घडतं. अर्ध्याची अडचण आठनं भागून पाच बाकी राहते तिथेच येऊ शकते. ज्यांना दोन्ही लागू पडतात त्यांतल्या काही म्हणजे १३, २९, ५३, ६१, १०९. त्यांचे ज्येष्ठ अनुक्रमे ६४९, ९८०१, ६६,२४९, मग आपली दहा अंकी, आणि १०९ साठी पंधरा अंकी १५८०७०६७१९८६२४९. ३७ ही याच घरातली, पण ती सुटली. सहाचा वर्ग छत्तीस तिच्या अगदी शेजारी असल्यानं तिला अर्ध्यांची गरज पडत नाही आणि ज्येष्ठ ७३ वर काम भागतं. ६१ ची मूळ जोडीच दांडगी, म्हणून तिचा सहावा घात एवढा चढतो.

१६५७ च्या फेब्रुवारीत फ्रान्समधल्या फर्मानं युरोपातल्या गणितज्ञांना हाच प्रश्न आव्हान म्हणून टाकला. फ्रेनिकल या गणितज्ञाला लिहिलेल्या पत्रात त्यानं उदाहरणादाखल दोन प्रकृती दिल्या, ६१ आणि १०९, आणि फार त्रास नको म्हणून लहान आकडे घेतल्याचा आव आणला. दीडशेच्या आतली सर्वांत अवघड १०९, शंभराच्या आतली सर्वांत अवघड ६१. गृहस्थाला उत्तरं ठाऊक होती, यात मला शंका वाटत नाही. त्यानं ‘बीजगणित’ पाहिलं असेल का? त्याला कसलाही पुरावा नाही. अताउल्ला रश्दीनं बीजगणिताचं फारसी भाषांतर १६३४ मध्ये शाहजहानसाठी केलं होतं, पण युरोपात ते पोचलं १८१३ च्या स्ट्रेचीच्या आणि १८१७ च्या कोलब्रुकच्या इंग्रजी पुस्तकांतून. पाचशे वर्षांच्या अंतरानं दोघांनी एकच आकडा निवडला तो ६१ च्या अंगच्या खोडीमुळे. अवघड उदाहरण शोधायला बसलेला कुणीही तिथेच येऊन पोचतो. आपल्याकडे असं साम्य दिसलं की लगेच चोरीचा आरोप होतो, म्हणून हे सांगितलं.

फर्माचं आव्हान इंग्लंडच्या ब्रौंकर आणि वॉलिस यांनी पेललं. पुढे ऑयलरनं गैरसमजानं त्याचं श्रेय जॉन पेल नावाच्या तिसऱ्याच माणसाला दिलं, आणि ‘पेलचं समीकरण’ हे नाव चिकटलं ते चिकटलंच. प्रत्येक प्रकृतीला उत्तर असतंच याची सिद्धता लाग्रांजनं १७६८ मध्ये दिली.

भारतीय बाजूलाही श्रेयाचा हिशेब सरळ नाही. चक्रवाल भास्कराचार्यांचीच, असं अनेक पुस्तकांत छापलेलं असतं. १९५४ मध्ये कृपाशंकर शुक्ल यांनी उदयदिवाकराची १०७३ मधली ‘सुंदरी’ टीका पुढे आणली, तिच्यात जयदेव नावाच्या आणखी जुन्या गणितज्ञाची पूर्ण चक्रवाल पद्धत सापडली. म्हणजे भास्कराचार्यांच्या जन्माआधीच ती तयार होती. त्यांनी ती नेटकी मांडली आणि तिची ताकद दिसेल असं उदाहरण निवडलं. शिक्षक म्हणून त्यांची जात यातच कळते. चक्रवाल कधीच वाऱ्यावर सोडत नाही, प्रत्येक वेळी एकावर येऊन थांबतेच, हे मात्र जयदेवानं सिद्ध केलं नाही आणि भास्कराचार्यांनीही नाही. ते काम १९२९-३० च्या सुमारास म्हैसूरच्या महाराजा कॉलेजातल्या ए. ए. कृष्णस्वामी अय्यंगार यांनी केलं. त्यांचे चिरंजीव म्हणजे कवी आणि भाषांतरकार ए. के. रामानुजन, जे पन्नासच्या दशकात आमच्या बेळगावात इंग्रजी शिकवत होते आणि या भागातल्या लोककथा गोळा करत होते.

म्हैसूर आणि बेळगाव आलंच, तर आता या संख्येच्या गावाबद्दल. भास्कराचार्य कुठले? आमच्या निपाणीत हा प्रश्न निरागसपणे विचारता येत नाही. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव जिल्ह्याबरोबर निपाणी त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेली. आमची मुलं घरून निघतात कर्नाटकातून आणि देवचंद कॉलेजात पोचतात तेव्हा अर्जुननगरला, म्हणजे कागल तालुक्यात, महाराष्ट्रात असतात. सीमावादावरच्या महाजन आयोगापासून २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या दाव्यापर्यंत कुठलं गाव कुणाचं याचाच काथ्याकूट ऐकत इथल्या पिढ्या वाढल्या. त्याच सुरात भास्कराचार्यांवरही दोन्हीकडून हक्क सांगितला जातो.

ते स्वतः आपल्या ग्रंथाच्या ‘गोलाध्याय’ या भागात सांगतात ते एवढंच: जन्म शके १०३६, म्हणजे १११४ चा, ग्रंथ छत्तिसाव्या वर्षी रचला, वडील महेश्वर, गाव सह्य पर्वताजवळचं विज्जडविड. या विज्जडविडाचं विजापूर करणारी परंपरा जुनी आहे आणि २०१४ मध्ये विजापूरचं सरकारी नाव विजयपुर झाल्यापासून तिला आणखी जोर चढला. काहींनी ध्वनीवरून बीड धरलं, काहींनी बिदर. विजापूरच्या सपाट माळावरून सह्याद्री दिसणार कुठून, हा साधा प्रश्न त्या मंडळींना पडत नाही. नावातल्या सारखेपणावर गाव ठरवायचं तर सीमाभागातल्या कुठल्याही वादाचा निकाल दुपारच्या चहाआधी लागेल.

नावापलीकडचा ठळक पुरावा म्हणजे चाळीसगावजवळच्या पाटणचा शिलालेख. मांद्र्याचे, मुंबईत डॉक्टरी केलेले भाऊ दाजी लाड यांनी तो शोधून १८६५ मध्ये प्रसिद्ध केला. लेख १२०७ चा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी, त्यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ स्थापला. निकुंभ घराण्यातल्या सोइदेवानं त्याला दान दिलं. लेखात सगळी वंशावळ आहे, आणि भास्कराचार्यांचा मुलगा लक्ष्मीधर याला यादव राजा जैत्रपाल ‘या गावाहून’ आपल्या दरबारी घेऊन गेला असाही उल्लेख आहे. म्हणजे एक पिढी आधीही कुटुंब तिथलंच. मुख्य लेख संस्कृतात, पण शेवटी देण्याघेण्याचा तपशील आला की भाषा जुन्या मराठीवर उतरते. गावातल्या प्रत्येक तेलघाण्यामागे मठाला पळीपळी तेल द्यायचं, असा तो तपशील.

पाटण सातमाळा-अजिंठ्याच्या डोंगरात आहे, आणि ती रांग सह्याद्रीचीच शाखा. त्यामुळे माझा कौल त्या परिसराला. पण हा कौल कुटुंब तिथे राहत होतं याचा. विज्जडविड म्हणजे पाटणच, असं लेखात कुठे कोरलेलं नाही. आणि १११४ मध्ये दख्खनवर राज्य होतं कल्याणीच्या चालुक्यांचं, सहाव्या विक्रमादित्याचं. कल्याणी म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. मराठी आणि कन्नड दोन्ही मुलूख त्याच छत्राखाली होते. ज्या सीमेवरून आपण भांडतो ती त्या माणसाला दाखवता आली नसती, आणि त्यानं ग्रंथ लिहिला तोही या दोन्ही भाषा सोडून तिसरीत.

पुन्हा संख्येकडे वळू. वर्गप्रकृतीचं उत्तर किती मोठं येईल हे प्रकृतीकडे बघून सांगता येत नाही, आणि ही खोड एकसष्टवर थांबत नाही. १७७३ मध्ये जर्मनीत एका ग्रंथालयात लेसिंगला आर्किमिडीजच्या नावावरचं एक जुनं काव्य सापडलं, सूर्यदेवाच्या गुरांची संख्या विचारणारं. ते सोडवत नेलं की ४७,२९,४९४ या प्रकृतीशी गाठ पडते, आणि गुरांची एकूण संख्या येते २,०६,५४५ अंकी. ते सगळे अंक १९६५ मध्ये कॉम्प्युटरवर पहिल्यांदा काढले गेले. २००२ मध्ये शॉन हॉलग्रेननं क्वांटम कॉम्प्युटर मिळाला तर असे प्रश्न झपाट्यानं सोडवण्याची रीत मांडली. साध्या कॉम्प्युटरसाठी तेवढी वेगवान रीत अजून कुणाला सापडलेली नाही.

भास्कराचार्यांनी ओझरता स्पर्श केलेला एक प्रश्न मात्र अलीकडेच पुढे सरकला. २९,७१८ आणि ३,८०५ वर त्यांना जो उणे एक मिळाला, तो सगळ्यांना मिळत नाही. प्रकृती ही दोन वर्गांची बेरीज नसेल तर ऋण एकाचं उदाहरण ‘खिल’, म्हणजे सुटण्यापलीकडचं, असं त्यांनी बीजगणितातच लिहून ठेवलं आहे. ६१ म्हणजे २५ अधिक ३६, म्हणून तिथे जमलं. पण दोन वर्गांची बेरीज असली की जमतंच, असंही नाही. मग अशा किती प्रकृतींना ते जमतं? स्टीव्हनहेगन या डच गणितज्ञानं १९९३ मध्ये अंदाज बांधला: दोन वर्गांची बेरीज असलेल्या आणि ज्यांना एकाखेरीज कुठल्याही वर्गसंख्येनं भाग जात नाही अशा प्रकृतींपैकी सुमारे ५८ टक्क्यांना. २०२२ मध्ये पीटर कोयमन्स आणि कार्लो पगानो यांनी तो अंदाज खरा असल्याची सिद्धता मांडली. उरलेल्या बेचाळीस टक्क्यांतली पहिली प्रकृती ३४, म्हणजे ३ चा वर्ग अधिक ५ चा वर्ग. ३५ चा वर्ग १२२५ आणि ६ च्या वर्गाची चौतीसपट १२२४, तेव्हा अधिक एक तिथे तोंडी हिशेबात सापडतो. उणे एक मात्र कितीही अब्जांपर्यंत गेलं तरी सापडणार नाही.